जवाईबुवांचं नाक

माझ्या भावाचा थोरला जवाई बंडूजी कारंजा घाडग्याले हायवेवर मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवते. विहिरीवरची मोटर बंद पडली की लोक ती याच्या दारात आणून टाकतात, आणि हा तिले नाक लावते. खरंच नाक लावते. हुंगते, डोळे मिटते आणि म्हणते, "जळली." दुकानात येतातच जळक्या मोटरी, म्हणून बरेचदा त्याचं बरोबर निघते. तेवढ्यावर हा माणूस आमच्या साऱ्या आर्वी गावाच्या डोक्यावर बसला. मिक्सर असो, टीव्ही असो, निदान यानंच कराचं. एकदा मले म्हणे, आत्या, तुमच्या गुडघ्यातलं ग्रीस संपलं. मेल्याले कोणी विचारलं होतं?

पण जवाई ना तो. आमच्यात जवाई आला की पाय धुवाले पाणी द्याचं, बसाले पाट द्याचा आणि आपलं तोंड शिवून घ्याचं. बंडूजीनं भिंतीले खिडकी म्हटलं तं माझा भाऊ बबनराव तिले पडदा लावाले उठन. माझं घर भावाच्या भिंतीले लागून, म्हणून हे सारं कौतुक मले रोज फुकटात पाहाले भेटते.

बबनरावची धाकटी पोरगी नलू घरीच कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं करते. बांधकाम झाल्यावर इमारत कशी दिसन, ते रंगासकट, आत फिरवून दाखवते. त्यासाठी तिनं आपल्या कमाईतून कॉम्प्युटरच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. पडद्यावर चित्र उमटवाचं सारं अवघड काम ते कार्ड करते. वर्ध्याचे ठेकेदार सदाशिवराव यांनी तिले एका मंगल कार्यालयाचं चित्र सांगितलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवाचं, पसंत पडलं तं पुढची सारी कामं तिलेच. आणि इकडं बंडूजीनं नलूसाठी आपल्या चुलतभावाचं स्थळ आणून ठेवलेलं, तिले ते नको होतं. पोराले काय येते म्हणाल, तं बंडूजीच्या हो ले हो करता येते. बबनराव नलूले म्हणाला होता, हे काम जमलं तं तुझं ऐकतो, नाई जमलं तं त्याईले होकार कळवतो.

दसऱ्याले आमच्याकडं औजारांची पूजा असते. विळे, फवारणीचा पंप, मोटरसायकल, सारं पुसून कुंकू लावलं. बंडूजी म्हणे, कॉम्प्युटर काऊन राह्यला, तेही औजारच आहे. नलू आंघोळीले गेलती. यानं मागच्या साऱ्या वायरा उपटल्या, डबा अंगणात आणला, पुसला, कुंकू लावलं, वाटीभर कापूर जाळून ओवाळला, नेऊन जागेवर ठेवला आणि दिसन त्या भोकात वायरा खोचून मोकळा झाला.

नलूनं येऊन बटन दाबलं. डब्यातले पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळा. सिग्नल नाई अशी एक ओळ दिसे आणि जाय. नलूनं वर्ध्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानाले फोन लावला, तं सणामुळं दुकान बंद. तेवढ्यात आमचे शास्त्रज्ञ स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. बाजूचं झाकण काढलं आणि आत नाक घातलं.

"कार्ड जळलं," म्हणे. "वास येऊन राह्यला."

अरे शहाण्या, वास येणारच ना. सकाळी त्या डब्याभोवती कापूर कोणी जाळला? पण हे मी मनात म्हटलं. नलू म्हणाली की मले एकदा मागच्या वायरा पाहू द्या. बबनराव तिच्यावरच खेकसला, जवाई पाहून राह्यले ना, तू कायले मधात पडते? मग बंडूजीनं आपला बेत सांगितला. जेवण झालं की कार्ड काढून कारंज्याले नेतो, वार्निशमध्ये बुडवतो आणि भट्टीत शेकतो. मोटरीच्या कॉइलले तो असंच करते. नलू माझ्या कानाशी येऊन म्हणाली की आत्या, भट्टीत गेलं तं कार्ड मेलंच समज.

मले असा राग आला की काय सांगू. पण जवाईले उठवता येत नाई, तसं आग्रह करून बसवता तं येते. तो पाटावर असेपर्यंत बबनरावलेही उठाची सोय नाई. मी वाढाले उभी राह्यली. पुरणपोळी वाढली, त्यावर तूप, मग वडे, मग पुन्हा पोळी. नाई नाई म्हणत हाणत होता. नलू मागच्या खोलीत डब्यामागं वाकून बसली होती.

डब्याले मागं दोन जागी पडद्याची वायर लागते. वरची जागा डब्याची स्वतःची, खालची कार्डाची. कार्ड बसवलेलं असलं की नलूच्या डब्याची वरची जागा बंद राहते. आमच्या विद्वानानं वायर वरती खोचली होती. नलूनं ती खाली लावली आणि मंगल कार्यालय पडद्यावर उभं राह्यलं.

बंडूजी ढेकर देत आला, पाहिलं आणि क्षणभरही लाजला नाई. मी झाकण उघडलं, हवा लागली, म्हणून सुरू झालं, म्हणे. बबनरावची छाती फुगली. वर हा म्हणते की आज चाललं, उद्या बंद पडन, असल्या कामाचा काय भरोसा, तुम्ही होकार देऊन टाका. आणि बबनराव मान हलवून राह्यला होता.

संध्याकाळी शेजारपाजारचे सोनं द्याले आले. बंडूजीनं त्याईले मागच्या खोलीत डब्यापुढं नेलं, आणि आपट्याची पानं हातात घेऊन जो तो त्याची फुशारकी ऐकत होता, जळलेलं कार्ड यानं कसं जिवंत केलं ते. नलू उठली. डब्यामागं हात घातला, पडदा काळा झाला.

"भाऊजी," ती म्हणाली, "बाबांसमोर पुन्हा एकदा करून दाखवा."

नाई म्हणता येईना. बंडूजी वाकला आणि साऱ्यांच्या देखत डब्याले नाक लावलं. बराच वेळ हुंगलं.

"जळलं," म्हणे.

नलूनं बबनरावले जवळ बोलावलं. वरच्या जागेतली वायर काढली, त्याच्या डोळ्यादेखत खाली लावली, आणि चित्र आलं. सगळे हातातली पानं पाहत राह्यले. बबनराव एकदा वायरीकडं पाहे, एकदा जवायाकडं. या घरात जवायाले आजवर कोणी अडवलं नव्हतं.

"जवाईबुवा, तुम्ही आता राहू द्या," तो म्हणाला. "नलू, सकाळी तुझं काम पाठवजो. त्या पोराच्या घरी मी नाई म्हणून कळवतो."

बंडूजी चहा न घेताच चपला शोधाले लागला. मी आग्रह केला नाई.