केळव्याला एकटीनं

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी दिवाळीचा फराळ घरी करायचा नसतो. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून द्यायचा. आमच्या जव्हारमध्ये ही रीत इतक्या मनापासून पाळतात की वसुबारसेच्या आधीच माझा ओटा डब्यांनी भरून गेला. डबा देणारी प्रत्येक बाई दारातच आवाज खाली आणून "खाऊन घे हं" म्हणायची आणि मी मान हलवायची. चकली खाल्ली. खुसखुशीत होती. सुट्टी लागल्यावर पिशवी भरली आणि सकाळची पालघरची एसटी धरली.

समुद्रावर जा, मन मोकळं होतं, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. मन भरलेलं असतं तर झालंही असतं. दिवाळीत मुंबईची माणसं आमच्याकडे वर डोंगरात, शिरपामाळावर वारा खायला येतात आणि मी ही अशी उलटी खाली उतरून केळव्याला घामाघूम.

माझा नवरा श्रावणात गेला. मोखाड्याला ऑफिसात होता, रोज जीपनं जाऊन येऊन करायचा. दुपारी टेबलावर डबा उघडला आणि तिथंच कोसळला. मी शाळेतून घरी आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. सगळ्या गावाला आधीच कळलं होतं, मीच शेवटची. त्यानंतर मला कोणाला काही सांगावंच लागलं नाही. बाजारात, बँकेत, डेपोत, जिथं जावं तिथं माझ्याआधी बातमी जाऊन बसलेली. मी रडले नाही. बायका म्हणायच्या, धक्का बसलाय, येईल रडू. ते काही आलं नाही. मग मला भलतीच भीती वाटायला लागली, की मला हा माणूस कधी आवडतच नव्हता की काय.

केळव्याला वाडीतल्या एका घरी खोली मिळाली. घरच्या काकूंनी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, माझ्या पाठीमागचा रिकामा रस्ता पाहिला आणि म्हणाल्या, "मिस्टर मागून येतायत ना?" मंगळसूत्र मी काही हट्टानं ठेवलं नव्हतं, काढायचं राहून गेलं होतं. मी नुसतं "हं" म्हटलं. समजावून सांगायचा कंटाळा आला.

दुपारभर सुरूच्या झाडांखाली बसून राहिले. समुद्र होता. पोरं ओरडत होती, घोडागाड्या पळत होत्या, भजीचा वास येत होता. एकट्या बाईच्या हातात फोन द्यायला लोकांना फार आवडतं. ताई, आमचा एक फोटो काढा ना. मी काढले. कुटुंबंच्या कुटुंबं नीट चौकटीत बसवली, डोळे मिटलेला काढला तर परत काढला. फोटो मी बरे काढते.

संध्याकाळी पडवीत काकूंनी दोन ताटं मांडली. भात वाढायला घेतला आणि थांबल्या. "थोडी वाट बघूया का? मनोरला गाडी अडकली असेल त्यांची. हल्ली फार ट्रॅफिक असतं तिथं."

"ते येणार नाहीत, काकू," मी म्हटलं. "श्रावणात वारले."

माझ्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं होतं. म्हटल्यावर मी थांबले. आता काहीतरी होईल, निदान रडू तरी येईल. भाताची वाफ येत होती. मला काही झालं नाही.

झालं ते काकूंना. भाताचा चमचा हातात तसाच धरून त्या खाली बसल्या. "अगं बाय माझे," म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागल्या. ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्या माणसासाठी, अगदी पोटातून. मी उठून पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. सगळ्या जव्हारनं मला ऐकवलेलं "होईल हो सगळं नीट" मीच त्यांना ऐकवलं. त्या आणखीनच रडल्या.

श्रावणापासून मला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी वाटलं. तो त्या बाईचा हेवा होता.