सहा धावांचा गोलंदाज

दम्मामच्या बाजारात एका गल्लीच्या तोंडाशी अबू मुतलकची लाँड्री होती आणि तिच्या काउंटरमागे दाभोळचा हुसेनमियाँ बारा वर्षं उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा. दुकानात खुर्ची एकच, आणि ती कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर नोकराचा व्हिसा असतो त्या मालकाची, अबू मुतलकची. कफील आठवड्यातून एकदा यायचा, पण म्हणून खुर्ची काही नोकराची होत नाही. पासपोर्टचंही तसंच. नाव हुसेनमियाँचं, फोटो हुसेनमियाँचा, आणि कपाटाची किल्ली अबू मुतलकच्या खिशात.

गावात असताना या माणसाला क्रिकेटचं भारी वेड. खेळता फारसं येत नव्हतं, म्हणून सामन्यात धावा लिहायला बसायचा. कुणाची सरासरी किती, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. पुढे इराकने कुवेत गिळलं, दम्माम अमेरिकन शिपायांनी भरून गेलं आणि त्यांचे घामट गणवेश काउंटरवर येऊन पडू लागले. एका खिशातून बेसबॉलच्या खेळाडूचं कार्ड निघालं. हुसेनमियाँने पुढचं चित्र धड पाहिलंही नाही, कार्ड उलटून मागचे आकडे वाचत बसला. शिपाई म्हणाला, ठेव तुला. झालं, खूळ लागलं.

शिपायांना घरून पार्सलं यायची. त्यात चॉकलेट, मोजे आणि ही कार्डं. वाट पाहण्याशिवाय त्यांना दुसरं काम नव्हतं, त्यामुळे अदलाबदल जोरात चाले. हुसेनमियाँनेही खजुराच्या रिकाम्या डब्यात आपली दौलत जमवली. बेसबॉलचा एकही सामना त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण आकडे ते आकडे. फलंदाजाच्या कार्डामागे सरासरी असायची पॉइंट तीन एक दोन. हुसेनमियाँ कपाळाला हात लावायचा. अख्खी एक धावसुद्धा नाही, आणि ऐटीत फोटो काढून घेतो. उलट चेंडू टाकणाऱ्यांत काहींच्या नावापुढे पाच, साडेपाच. एका जाड्या मिशाळ गड्यापुढे तर सहा पॉइंट दोन. गोलंदाजी सांभाळून वर सहा धावा काढणारा हा अष्टपैलू हुसेनमियाँला फारच भावला. त्याच्यासाठी त्याने तीन फलंदाज मोजून दिले. ते घेणारा शिपाई गल्लीच्या टोकापर्यंत हसत गेला.

त्यानंतर दुकानात रांग लागायला लागली. शेजारच्या दोन लाँड्र्या ओस आणि इथे पाय ठेवायला जागा नाही. मागे इस्त्री करणारा श्रीवर्धनचा कादिर म्हणायचा, “हुसेनभाय, तुज्या हाताला बरकत हाय. धुतलेले कपडे परत धुवायला आणतायत ते.”

जानेवारीत गावाहून कुणाच्या तरी हाती कॅसेट आली. बायको बिलकिसचा आवाज: नूरुन्निसाचा निकाह शाबान महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला ठरलाय, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत. मग लेकीचा आवाज: “अब्बा, तुम्ही आल्याबिगर मी कबूल बोलणार नाय. मग कोण काय करील ते करू दे.”

हुसेनमियाँने ते चार वेळा ऐकलं आणि कफीलसमोर जाऊन उभा राहिला. एव्हाना लढाई पेटली होती. सायरन वाजायचे, विषारी वायूच्या भीतीने दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून माणसं बसायची. अर्धी गल्ली जेद्दाकडे निघून गेली होती आणि विमान मिळालंच तर तिथूनच मिळणार होतं. पण कफीलच्या सहीशिवाय याला जेद्दाच काय, शहराबाहेरही जाता येत नव्हतं.

अबू मुतलकने दुकानभर नजर फिरवली. “एवढं काम सोडून जाणार? लढाई संपू दे. इन्शाल्ला.”

इन्शाल्ला म्हणजे नाही, हे कळायला हुसेनमियाँला बारा वर्षं लागली नव्हती.

त्याच आठवड्यात एक उंच, शांत सार्जंट कपडे न्यायला आला. डबा पाहून त्याला राहवलं नाही. “मिस्टर हुसेन, तुला हे आकडे कळतात का रे?”

“कळतात तर.”

सार्जंटने कार्ड समोर धरलं. “हा दहा वेळा मारायला उभा राहिला तर तीनदा नीट मारतो. पॉइंट तीनचा अर्थ तो. आमच्याकडे अशा माणसाला डोक्यावर घेतात. आणि हा तुझा जाड्या सहा धावा काढत नाही. एका सामन्यामागे सहा देतो. येईल तो याला बदडून जातो.”

“मग हा मैदानातून जात का नाही?”

“त्याच्या हातात नसतं. संघाचा साहेब बोलावेल तेव्हाच बाहेर यायचं.”

“आणि ही सगळी पोरं माझ्याकडे येतात ती...”

सार्जंट खाली बघत म्हणाला, “हिरा देऊन गारगोटी घेणारा दुकानदार दुसरीकडे नाही.”

हुसेनमियाँला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावा लिहिण्यात आयुष्य गेलं आणि आपण गल्लीतलं हसू झालो. त्या दिवशी त्याने डबा उघडलाही नाही. पण सकाळी उठला तो वेगळाच विचार घेऊन. गिऱ्हाईक आपल्या अडाणीपणामुळे येतं. दुकान भरलंय म्हणून कफील सोडत नाही. मग शहाणं व्हायचं, दुकान रिकामं होईल आणि सुंठीवाचून खोकला जाईल.

तो शहाणा झाला. कुणी चांगला फलंदाज मागितला की बदल्यात तसाच चांगला फलंदाज मागू लागला. शिपाई कुरकुरले, मग शेजारच्या दुकानात कपडे टाकू लागले. आठवड्याभरात मशीन दुपारची बंद राहू लागली. कादिर इस्त्रीवर डोकं टेकून डुलक्या घेई.

अबू मुतलक आला. रिकाम्या दुकानात खुर्चीवर बसला. “आता तुला तिकीट कुठून देऊ? दुकान पुन्हा भरून दाखव, त्या दिवशी पासपोर्ट घेऊन जा. खलास.”

निकाहाला दहा-बारा दिवस राहिले होते. हुसेनमियाँने डबा उघडला आणि पुन्हा अडाणी झाला. पहिल्यांदा चूक करताना काही वाटलं नव्हतं, आता तीच चूक हसऱ्या तोंडाने मुद्दाम करायची होती. “सहा धावा? व्हेरी गुड, सर. व्हेरी गुड बोलर,” असं म्हणत त्याने एकेक हिरा देऊन टाकला. बातमी छावणीत पोचली. रांग पुन्हा गल्लीबाहेर गेली.

अबू मुतलक आला आणि दारातच थांबला, कारण आत शिरायला वाट नव्हती. त्याचा चेहरा फुलला. “माशाल्ला! एवढी गर्दी आणि तुला सोडू? वेडा आहेस का?”

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं म्हणतात. इथे दोन्हीकडून चावलं.

गुरुवारी त्याने टपाल कचेरीतून गावच्या फोनवर कॉल लावला. भाऊ यासीन म्हणाला, “तुज्या जागी मी उभा राहतो, पण पोरगी ऐकत नाय.” मग फोनवर नूरुन्निसाचे नुसते हुंदके आले. हुसेनमियाँने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. “कबूल बोल, बाय,” एवढंच म्हणाला. “मी सांगतो म्हणून बोल.” लाइन तुटली. तो काचेच्या खोक्यात तसाच उभा राहिला, बाहेरच्याने काच वाजवेपर्यंत.

शुक्रवारी नमाजानंतर त्याने दुकान उघडलं. धुतलेला कुडता, केसांना तेल, कानात अत्तराचा बोळा. रांगेतल्या पहिल्या शिपायाला त्याने डब्यातलं उरलेलं सगळ्यात चांगलं कार्ड दिलं. शिपाई आपलं काढू लागला तर म्हणाला, “बदल्यात काही नको.” दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही. पोरं बावरली.

सार्जंटचा नंबर आला. “हे काय चाललंय, हुसेन?”

“आज माझ्या मुलीचा निकाह आहे, सर. आमच्याकडे त्या दिवशी दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.”

सार्जंट डब्यावर वाकला. डब्यात एकच कार्ड राहिलं होतं, जाड्या मिशाळ गड्याचं. “मग मला हा चालेल,” तो म्हणाला.

हुसेनमियाँने डब्यावर हात ठेवला. “हा नाही.”

“आता तर तुला माहीत आहे तो कसा आहे.”

“माहीत आहे.” हुसेनमियाँने कार्ड कुडत्याच्या खिशात घातलं. “याला कुणी बाहेर बोलावलंच नाही, सर,” असं म्हणून त्याने सार्जंटचे कपडे मोजायला घेतले.