शांताला न सांगितलेलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. 

बहात्तरचा दुष्काळ सरला होता. नळदुर्गजवळ सहकारी मेंढीपालन केंद्रात मी कामाला होतो. तिथली काही कोकरं जन्मल्यावर पिवळी पडून मरायची. त्याचं कारण शोधायला एक डॉक्टरबाई आल्या. त्या कानात बिल्ले मारलेल्या मेंढ्यांच्या जोड्या ठरवून लावायच्या, मेलेल्या कोकराचं यकृत काढून बाटलीत ठेवायच्या. मला समजावायच्या — दोष नर-मादी दोघांत लपलेला असतो. एकाच रक्ताची जोडी लागली की पिल्लात उघडा पडतो. माणसांतही तसंच. मग सहज विचारलं, "तुमच्या घरात कुणाला लहानपणी अशी कावीळ?"

माझे दोन भाऊ वर्षाच्या आत पिवळे होऊन गेले होते. मामाचंही एक पोर तसंच.

"न्हाय बाई," मी म्हणालो.

का? भीती, दुसरं काय. माझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं, मामाच्याच पोराशी ठरलं होतं. ते मोडलं, तर ह्यांचं रक्तच खराब म्हणत दुसरं कोण करून घेणार? मला कळत नव्हतं, असं म्हणू? लग्नाच्याच आठवड्यात एक पिवळं कोकरू माझ्या हातात मेलं होतं — तरी मी अक्षता टाकल्या.

शांता महिन्याचं पोर घेऊन माहेरी आली. उजेडात धरून म्हणाली, "दादा, तुला जनावरांचं कळतंय. ह्याचे डोळे बघ की."

बघितले. त्या कोकरासारखेच पिवळे.

"साधी कावीळ हाय. जाईल," म्हणालो.

बाई केंद्रातच होत्या, हाकेच्या अंतरावर. मी नेलं नाही. नेलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं — एवढंच होतं डोक्यात. पोर गेलं. पुढचंही गेलं.

तिसरी मुलगी जगली. ती मोठी झाल्यावर शांतानं तिला माझ्या मुलासाठी सुचवलं. आपल्यात रीतच आहे. मी लई घाबरलो. आणि काय म्हणालो? "पोरगी काळी हाय."

शांता पिशवी उचलून निघून गेली. त्यानंतर ती माझ्या दारात आलेली नाही, आणि खरं कारण सांगायला मीही तिच्याकडं गेलेलो नाही.