नुसतं ‘यू’ देऊन पाहाचं

बारा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सांगणार तरी काय — की मास्तर घाबरला?

मी अड्याळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. त्या दिवशी बारावीला जनुकीय संकेत घेत होतो. पेशीतला निरोप ए, यू, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि जवळजवळ प्रत्येक शब्द एकेक अमिनो आम्ल मागवतो. ती आम्लं ओळीनं जुळली की प्रथिन तयार. फळ्यावर चौसष्ट शब्दांचा तक्ता काढला आणि म्हणालो, पाठ करा.

मोनाली उभी राहिली. आई धानाच्या रोवणीला मजुरीनं जाणारी. ही पोरगी एरवी तोंड न उघडणारी. कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे शोधलं कसं, तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला काय जात होतं माझं? मी खडू उचलून तक्त्याकडे वळलो — तर तीच म्हणाली, “सर, एकच अक्षर देऊन पाहाचं. नुसतं यू-यू-यू. मंग कोनतं आम्ल जुळते ते दिसनच.”

“सायन्स म्हणजे काय भाजी आहे का, हे टाकून पाहू, ते टाकून पाहू?” मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली.

संध्याकाळी घरी पुस्तक उघडलं. शास्त्रज्ञांनी नेमकं तेच केलं होतं — पेशी फोडून काढलेल्या रसात नुसत्या ‘यू’ची साखळी घातली, आणि एकाच आम्लाची, फेनिलअलॅनिनची, साखळी हाती आली. पहिला शब्द उलगडला, मग वाट सापडली. तीच युक्ती माझ्या वर्गात, तिसऱ्या बाकावर सुचली होती! आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं? पुढचा धडा घेतला. वर्षभर पुढचेच धडे घेतले. एका मुलीपुढे लहान व्हायची भीती — बस्स, एवढीच.

यंदा विज्ञान दिनाला पाहुणी म्हणून आली ती डॉक्टर मोनाली. सिकलसेलवर संशोधन करते — निरोपातलं एक अक्षर बदललं की होणारा आपल्याकडचा रक्ताचा आजार. तिचं भाषण संपलं आणि मी उठलो. प्रश्न, हसणं, ते पुस्तक — सगळ्यांसमोर सगळं सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, “मले मालूम होतं, सर. त्याच हप्त्यात भंडाऱ्याच्या वाचनालयात जाऊन शोधलं मी. म्हनलं, मले सुचलं ते खरं निघालं — मंग आनखी काय काय सुचन?”

सगळं सभागृह उभं राहिलं. तिच्यासाठी. पहिल्या रांगेत तिची आई पदर खोचून टाळ्या वाजवत होती. इतका आनंद मला माझ्या वर्गाच्या कुठल्याच निकालानं दिला नव्हता — आणि त्यात माझा काडीचाही वाटा नव्हता.