डाव्या खांद्याची रायफल

आमच्या गल्लीत म्हणत, शिंपीणकाकूंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही; खांदे मात्र त्या विसरत नाहीत. एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगाला बसवून देण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्या स्वतः डावखुऱ्या. पण घरातली कात्री सासऱ्यांची, म्हणजे उजव्या हाताची. अंगठ्याखाली चिंधी गुंडाळून त्यांनी तीच आयुष्यभर चालवली. स्वतःच्या मापाची वस्तू त्यांच्या वाट्याला अशी आलीच नव्हती.

त्यांचे यजमान, रंगाच्या दुकानाचे मालक, नेमबाजी क्लबाचे जुने सभासद होते. कागदी लक्ष्यावर नेम धरायचा आणि मागच्या मातीच्या भिंतीत गोळी रुतवायची, एवढाच त्यांचा पराक्रम. एकदा त्यांनी परवान्यावर शिकारीची एक जुनी, वापरलेली रायफल आणली. पहिल्याच दिवशी गोळी भरायला मागे ओढायच्या दांड्याची, म्हणजे बोल्टची, मूठ चष्म्यावर आपटली.

"फसवलं मेल्याने!" कापड बेतायच्या टेबलावर रायफल ठेवत काका म्हणाले. "दस्ता तोकडा, मूठ भलत्याच बाजूला. सोमवारी सुताराकडे नेतो आणि होती तशी करून घेतो."

गोळ्या काढल्या आहेत ना, हे काकूंनी दोनदा विचारले आणि मग टेप हातात घेतला. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मागून कापून आखूड केला होता. बोल्टच्या मुठीला वाकडी पितळी दांडी जोडून ती डावीकडे वळवली होती. गाल टेकवायच्या जागी चामड्याची गादी होती. तिच्या टाक्यांवर काकूंचे बोट थबकले.

"अहो, हे टाके उलटे कललेत. माझे कलतात तसे. ही कुणी बिघडवलेली नाही, मापात घेतलीय. आखूड हाताच्या डावखुऱ्यासाठी."

"मग त्यानेच न्यावी की!"

"सुताराकडे न्यायच्या आधी मला एकदा धरू द्या."

"तू? सुईत दोरा ओवायला मला हाका मारतेस!"

"दोरा जवळ असतो. लक्ष्य लांब असतं."

क्लबात सभासदाच्या घरच्यांना त्याच्या देखरेखीखाली नेम धरता येई. रविवारी काका हसायच्या तयारीनेच निघाले. काकूंनी दस्ता डाव्या खांद्याला लावला. गाल आपसूक गादीवर टेकला, मूठ हाताशी आली. कुठे चिंधी गुंडाळावी लागली नाही. पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली, पुढच्या दोन्ही काळ्या वर्तुळात. शेजारी उभे असलेले दातांचे डॉक्टर आपली बंदूक खाली ठेवून पाहतच राहिले.

"झाली ना हौस?" परतताना काका जरा घाईनेच म्हणाले. "उद्या सुतार वाट बघेल."

"बघू दे. हिची शिवण उसवायची नाही."

"अगं, पण रायफल माझी आहे!"

"विकत तुम्ही घेतलीत. बसते मला."