कंपाउंडरची चिठ्ठी

कंपाउंडरबद्दल लिहायचं मी तीन वर्षं टाळलं. आता पंच्याहत्तरी उलटली. आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या माणसानं मला जितका वैताग दिला, तितका माझ्या मास्तरकीत एकाही पोरानं दिला नाही. माझा मुलगा पुण्याला जाताना एका खेळाचं पुस्तक आणि फासे घरी टाकून गेला होता. एकानं गोष्ट रचायची, शत्रू चालवायचे; बाकीच्यांनी योद्धा, चोर, जादूगार व्हायचं; निकाल फासे देणार. आर्णीत आम्ही चार म्हातारे रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर तो खेळायचो. सूत्रधार मी. जादूगार कायम कंपाउंडर.

साधा राक्षस ते झटपट उरकत. पण मन वाचणारा शत्रू आणला की दुपार गेलीच. मोठ्यानं दिडकीचा पाढा सुरू. मी चिडलो की म्हणायचे, "सर, बैलाले सुई टोचताना सुईचा इचार मनात आला का तो लाथ मारते. मी जनमभर दिडकी म्हणतच सुया टोचल्या. हा तं मनच वाचते म्हणता."

आमचा योद्धा किराणा दुकानदार होता. तो कुरकुरायचा, "कंपाउंडर, प्लॅन मले तं सांगा."

"तुले काहून सांगू? तो तुह्या डोक्यात शिरन. बाकी तिथं त्याले काही सापडत नाही."

त्यांचे नियम पक्के होते. मातीचे पुतळे पुढे धाडायचे, कारण पुतळ्याला मन नसतं. शत्रूच्या मनावर मंत्र टाकायचा नाही. "तिथं तो मालक हाय. डोक्शावरचं छत पाडा." आणि सूत्रधार हाच शत्रू, म्हणून मंत्र चिठ्ठीवर लिहून तांब्याखाली ठेवायचा. माझी चाल सांगून झाली की मगच चिठ्ठी उघडायची. माझ्यावर एवढा अविश्वास! मला त्याचाच राग यायचा.

एका रविवारी मुलीचा फोन आला म्हणून ते अंगणात गेले. बाकीचे दोघे पान खायला कोपऱ्यावर. मी तांब्या उचलला. चिठ्ठीत छत पाडायचा मंत्र होता. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मी शत्रूला दाराबाहेर सरकवलं. छत कोसळलं ते आत उरलेल्या जादूगारावर. चार वर्षं जपलेला जादूगार गेला.

कंपाउंडरनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाले, "मी तोंडानं बोललो का, सर?"

"बोललात की," मी म्हणालो. "पाढा म्हणता म्हणता."

त्यांचे थोरले भाऊ शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हते. ती धास्ती कंपाउंडरना होती, आणि मला ते ठाऊक होतं.

त्यानंतर ते गोळी घेतल्याचंही बायकोला दोनदा विचारू लागले. चारचौघांत बोलेनासे झाले. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून काही झालेलं नाही असं सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. खेळायला येणंही बंद केलं.

पुढे छातीच्या दुखण्यानं ते अंथरुणाला खिळले, तेव्हा खरं सांगायचं ठरवूनच मी गेलो. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी माझा हात धरला. "सर, घरचे माह्यापासून लपवतेत. तुम्हीच एक खरं सांगतलं."

मी चहा घेतला, तब्येतीला जपा म्हणालो आणि उठलो. आठवड्यानं ते गेले.

कंपाउंडर, तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. चिठ्ठी मी वाचली होती. मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं.