खड्ड्याखालचं प्लास्टिक

धुरपताबाई एसटीत बसल्या, की गाडी गंगाखेडलाच जायलाय का, हे कंडक्टरला विचारतात. मग कंडक्टर खरं बोलला का, हे शेजारच्या बाईला विचारतात. त्यांचा मुलगा भागवत म्हणतो, "आमची माय प्रसादाचा पेढासुद्धा फोडून बघती."

यंदा राणीसावरगावाजवळच्या माळावर एका कंपनीनं तेल शोधायला खोल भोक पाडलं. तेल काही लागलं नाही. मागं राहिला तो राखाडी गाळ, शेततळ्याएवढा खड्डा भरून. भोक पाडताना आत सोडलेला चिखल दगडाच्या चुऱ्यासकट वर आला होता, तो हा. वाळल्यावर कंपनी म्हणाली, घेऊन जा, ट्रॉलीच्या भाड्यासकट फुकट. फुकट म्हटल्यावर भागवतला आपल्या रानातला, भरून घ्यायचा राहिलेला विहिरीजवळचा खोलगट तुकडा आठवला. त्याच विहिरीचं पाणी घरही पितं आणि गुरंही.

पहिली ट्रॉली गावातल्या ट्रॅक्टरवाल्या पंडितनं रानात आणली. मागून मोटारसायकलवर कंपनीचे साहेब आले.

"आजी, नुसती माती आहे. असली माती बाया तोंडाला लावतात."

"मंग लावा की साहेब. उन्हानं लय काळवंडलाव तुमी."

पंडित फिस्सकन हसला. धुरपताबाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर टाकायची चोपण माती त्यांनी जन्मभर वाहिली होती. गवताची काडी उगवू न देणारी ती खारट चव त्यांना पाठ होती. हिला वर डिझेलचा वास.

"माळवदाला चालंल एखांद्या वेळेस. रानाला न्हाई."

"माय, लय शंकेखोर हायस तू."

"असंल. साहेब, काल खड्डा बघून आले मी. खाली काळं प्लास्टिक अंथरलंय. मातीत माती ठेवायला मधी प्लास्टिक कशाला?"

"नियम आहे, आजी."

"मंग माझ्या रानात कवा अंथरताव?"

साहेबांना अचानक फोन आला. वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही. भागवतनं एकदा विहिरीकडं बघितलं, एकदा ट्रॉलीकडं. "पंडित, ने परत," तो बारीक आवाजात म्हणाला.

पंडितनं ट्रॅक्टर वळवला, पण खड्ड्याकडं नाही, ओढ्याकडं. तो ओढा विहिरीच्या वरच्या अंगानंच वाहत येतो. धुरपताबाई पदर खोचून ट्रॅक्टरपुढं उभ्या राहिल्या.

"मामी, ह्यो जवळचा रस्ता हाय."

"कशाला जवळचा?" म्हणत त्या मडगार्डवर चढून बसल्या. "चल खड्ड्यावर. ट्रॉली रिकामी होईस्तोवर मी उतरत न्हाई."